अर्ध्या तासाने, त्याच जागी

खंडागळे साहेबांच्या कादंबरीत कुणालाही परस्पर प्रेमात पडता येत नाही. आधी सूचक लागतो, मग अनुमोदक लागतो, आणि त्यानंतर प्रेम सर्वानुमते मंजूर होतं. 'सातवा बाक' या त्यांच्या तिसऱ्या कादंबरीत आंतोन आणि फिलोमिना चर्चमागच्या लिंबाखाली भेटतात. तो प्रसंग मला तोंडपाठ आहे. "आंतोनने फिलोमिनाचा हात धरण्याबाबतचा विषय निघाला. साधकबाधक चर्चेअंती हात धरण्यात आला." पुढच्या परिच्छेदात फिलोमिना लाजते, तीसुद्धा 'आयत्या वेळच्या विषयां'मध्ये.

यात साहेबांचा दोष नाही. सायमन दगडू खंडागळे हे आमच्या दूध संघाचे चिटणीस. उभा जन्म सभांची इतिवृत्तं लिहिण्यात गेला, तेव्हा हाताला तेच वळण. आणि खरं सांगायचं तर कादंबरी लिहायला ते इतिवृत्तातच शिकले. आमच्या संघाच्या सभेचं इतिवृत्त आदल्या दिवशीच तयार असायचं. कुठल्या सभासदाने उठून काय शंका विचारली, चेअरमननी काय खुलासा केला आणि सभासदाचं समाधान कसं झालं, सगळं शाईने लिहून कोरडं झालेलं असायचं. सभेत एखादा चुकून दुसरंच काही बोलायला लागला, की साहेब चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि शांतपणे सांगत, "असं तुम्ही बोललेला नाहीत." तो बिचारा ओशाळून खाली बसायचा.

मी संघात कारकून म्हणून लागलो तो अक्षरावर. अर्ज वाचून साहेबांनी मला बोलावलं आणि एक जाडजूड बाड पुढे सरकवलं. मला वाटलं संघाचं दप्तर असेल. बघतो तर पहिल्याच पानावर एक म्हातारी मेणबत्ती लावून सांत अंतोनीच्या पुतळ्याशी भांडत होती. "सुवाच्य प्रत करा," साहेब म्हणाले, "कार्यालयीन वेळेत नको. डब्याच्या सुट्टीत." तेव्हापासून त्यांच्या सहा कादंबऱ्या मी स्वतःच्या हाताने उतरवल्या आणि आधीच्या तीन वाचायला लागल्या. आमचं घर किराणा दुकानाचं, गळ्यात लिंग. पण आज मला बाप्तिस्म्यापासून लग्नापर्यंतचे सातही संस्कार क्रमाने येतात. आमच्या वडिलांना, अण्णांना, याची काळजी वाटते.

नऊच्या नऊ कादंबऱ्या एकाच विषयावर: आमच्या गावातली कॅथलिक वस्ती. आमचं गाव गेवराई तालुक्यातलं, चकलांब्याकडच्या अंगाचं. निजामाच्या काळात कुणा मिशनवाल्याने गावाबाहेर विहीर खणली आणि विहिरीशेजारी सांत अंतोनीचं एवढंसं चर्च बांधलं. भोवती अकरा घरं झाली. त्या अकरा घरांवर नऊ कादंबऱ्या, म्हणजे दर घरामागे जवळजवळ एक. वस्तीतल्या लोकांना याचा काच होता. साहेब दिसले की बायका बोलता बोलता गप्प बसत. "गप बस गं, लिवतंय ते," असं एकमेकींना खुणावत.

पण हळूहळू वस्तीत खुणावायलाच कुणी उरेना. पाऊस हुलकावण्या द्यायला लागला, विहीर आटली, आणि एकेक घर पुण्याला, जालन्याला, नगरला निघून गेलं. साहेबांची पद्धत अशी की घराला कुलूप लागलं, टेम्पोत सामान चढलं, की ते घर पुढच्या कादंबरीत. त्यामुळे झालं असं, की खरी वस्ती अकरा घरांवरून एकट्या साहेबांच्या घरावर आली, आणि कादंबरीतली वस्ती वाढत वाढत तीन गल्ल्यांची झाली. तिथे लेकरं झाली, सुना आल्या, नाताळला जागा पुरेना म्हणून मंडप घालायची वेळ आली. विहिरीला बारमाही पाणी. मी एकदा धीर करून म्हणालो, "साहेब, वाचणारा विचारेल, दुष्काळी भागात हे पाणी आलं कुठून?"

"पाण्याचा ठराव पहिल्या कादंबरीतच झालेला आहे," ते म्हणाले. "तो आता पुन्हा चर्चेला घेता येणार नाही."

टीकाकार म्हणून माझी खरी तक्रार वेगळीच होती. प्रत्येक कादंबरीत मार्था नावाची एक बाई असते. तिचा कथानकाशी काडीचा संबंध नसतो. बिशप भाषणाला उभे राहतात, टाळ्या पडतात, सगळे कान टवकारतात, आणि मार्था दारातून डोकावून विचारते, "डब्यातली भाकर कावून उरली?" कावून म्हणजे का. कुणाचं लग्न मोडतं, कुणी विहिरीच्या काठाशी जाऊन बसतो, आपल्या डोळ्यांत पाणी यायला लागतं, तोच ही बाई, "भाकर कावून उरली?" पाचव्या कादंबरीत मी तिला प्रत करताना गुपचूप वगळलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तांबड्या शाईतला कागद: "मार्था पान ४० वर गैरहजर का, याचा लेखी खुलासा करावा." मी खुलासा केला की सदर पात्र कथेला पुढे नेत नाही. त्यावर शेरा आला, "ती न्यायला आलेलीच नाही." मग मी नाद सोडला.

साहेबांच्या स्वतःच्या डब्याचीही एक गंमत होती. दुपारी दीड वाजता ते डबा उघडत, दीड भाकरी खात आणि अर्धी भाकरी फडक्यात गुंडाळून परत डब्यात ठेवत. रोज. उन्हाळा असो, सण असो, अर्धी भाकरी परत जाणार म्हणजे जाणार. ऑफिसात यावर बरेच तर्क झाले. कुणी म्हणे कुत्र्याला टाकतात, कुणी म्हणे ख्रिस्ती लोकांचं काही व्रत असेल. मी सातही संस्कार पाठ असलेला माणूस, मी छातीठोकपणे सांगितलं की असं कुठलंही व्रत नाही. साहेब एकटे राहतात, स्वतःच थापून घेतात, अंदाज चुकत असेल, एवढ्यावर विषय मिटला. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली, हे आम्ही ऐकून होतो. नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मग तो वाईट दुष्काळ आला. जनावरं चारा छावणीत गेली आणि दूध संघात दूध सोडून बाकी सगळं राहिलं. कॅन होते, वजनकाटा होता, संचालक मंडळ तर होतंच. दुधाच्या टँकरने गावाला पाणी पोचवायचं काम सुरू झालं. चहाला त्यातलंच पाणी, त्यामुळे दुधाचा वास तेवढा फुकटात मिळायचा. आणि अशा दिवसांत साहेबांना एक पत्र आलं.

पत्र फादर विन्सेंट यांचं होतं. फादर मूळचे वसईचे, हिरव्यागार गावातले. इकडे मिशनात नेमणूक झाली आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोटारसायकलवर धूळ खात ते आमच्या गावी मिस्सा म्हणायला, म्हणजे चर्चमधली उपासना करायला, येत. पत्र साधं होतं. आपल्या गावी भाविकांची संख्या फारच कमी झाली आहे, इंधन आणि वेळ पाहता दरमहाची मिस्सा बंद करावी असं वरून सुचवण्यात आलं आहे, तरी येत्या शनिवारी उपस्थिती पाहून मी तसं कळवीन.

सरकारी तपासणीचा कागद आला तरी साहेब तो एकदाच वाचत. त्या दिवशी त्यांनी पत्र चार वेळा वाचलं, घडी घातली, उलगडलं आणि पुन्हा वाचलं. मला म्हणाले, "महिन्यातून एक दिवस तर येतात. तेवढाही नको?" एवढंच. मला त्यांची दया आली, पण आश्चर्यही वाटलं. नऊ कादंबऱ्यांत त्यांनी फादर लोकांची मनसोक्त टोपी उडवलेली. 'फादरची सायकल' या कादंबरीत तर फादर अख्खी अडीचशे पानं पंक्चर काढत बसलेले असतात. त्या माणसाला एका मिस्सेचं एवढं काय, हे मला कळेना.

मी चूक एकच केली. चेअरमनच्या कानावर घातलं.

चेअरमन आबा म्हणजे सहकारात मुरलेलं लोणचं. त्यांच्या हयातीत कुठली सभा गणपूर्तीअभावी अडली नव्हती. त्यांनी पत्र ऐकलं आणि पहिल्यांदा मोठ्याने हसले. "आरं, म्हंजी कोरमचा प्रश्न हाय व्हय? मंग आमी कावून हाव? किती मान्सं पायजेत, सांग!"

"आबा, ते चर्च आहे. तिथं ख्रिस्ती लोक लागतात."

"मागल्या साली सभेला सभासद लागत व्हते, तवा कुटं सभासद आनले व्हते? मान्सं आनली. सही केली की मानूस सभासद व्हतो. तू नावांची यादी तेवढी काढ."

साहेब समोर बसलेले होते. ते काही बोलले नाहीत. आणि आमच्या संघाचा शिरस्ता असा की जो बोलला नाही, त्याची संमती. यादीसाठी मला नावं दुसरी कुठून सुचणार? मी नऊ कादंबऱ्या काढल्या आणि त्यातून तीस नावं उतरवली.

शनिवारी साडेदहाला संघाचा टेम्पो चर्चपुढे उभा राहिला आणि चारा छावणीतली माणसं उतरली. पांढऱ्या टोप्या, धोतरं, नऊवारी लुगडी. काहींनी बाहेर चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. एका बाईने दोन प्रदक्षिणा घातल्या, तिसरीला मी अडवलं. एक म्हातारबा हजेरीचं रजिस्टर कुठे म्हणून सगळीकडे शोधत होते. सही केल्याशिवाय सभेत बसायची त्यांना सवयच नव्हती. ज्याच्या त्याच्या हातात नावाची चिठ्ठी होती. आत येऊन सगळे बाकांवर दाटीवाटीने बसले आणि सवयीप्रमाणे चहाची वाट बघायला लागले.

खंडागळे साहेब सातव्या बाकावर बसले होते. तो शेवटचा बाक, त्यांची नेहमीची जागा. पुढचे सहा बाक ते कायम रिकामे का सोडतात, असं मी पूर्वी विचारलं होतं, तर म्हणाले होते, "राखीव आहेत." आता त्या बाकांवर अनोळखी पाठी दिसत होत्या. पहिल्या बाकावर एकाने पानाची चंची सोडली, तेव्हा साहेब अर्धवट उठले आणि परत बसले.

फादर आले. दारातच थबकले. एवढी गर्दी त्यांनी तिथे नाताळलाही पाहिली नव्हती. हेल्मेट काढून ते पहिल्या बाकाशी गेले आणि चंचीवाल्याला हसून विचारलं, "आपलं नाव काय?"

त्याने घाईने चिठ्ठी उघडली. "आंतोन," तो म्हणाला. "म्होरलं वाचाया चस्मा न्हाई."

"आंतोन डिसूझा?" फादर म्हणाले. "अहो, तुम्ही तर 'सातवा बाक'मध्ये वारलात. पान दोनशे दहा. मी रडलो होतो."

आंतोनने घाबरून माझ्याकडे बघितलं. माझी पाचावर धारण बसली. साहेबांच्या सगळ्या कादंबऱ्या वाचणारा जगात दुसरा माणूस असेल, हे मी धरलंच नव्हतं. फादर पुढे गेले. तीन बाकांवर मिळून त्यांना दोन मेलेले, एक जोगीण होऊन मठात गेलेली आणि एक अजून जन्माला यायचा असलेला भेटला. चिठ्ठ्यांची घाईगर्दी झाली होती आणि त्या न जन्मलेल्याचं नाव साठीच्या म्हाताऱ्याकडे गेलं होतं.

फादर रागावले नाहीत. ते वेदीपाशी गेले आणि तिथून त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "चिटणीस साहेब," ते म्हणाले, "उपस्थिती सांगा. तुम्ही सांगाल ती मी लिहून घेईन."

चेअरमन आबा खिडकीशी उभे होते. त्यांनी साहेबांना मान हलवून खूण केली. काम झाल्यात जमा होतं. साहेबांनी फक्त नेहमीचं वाक्य म्हणायचं होतं, जे त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा रिकाम्या खुर्च्यांकडे बघून लिहिलं होतं: गणपूर्ती झाली असल्याने सभेच्या कामकाजास सुरुवात करण्यात आली.

साहेब उठले. एकेका बाकावरून नजर फिरवली. "हजर सभासद, एक," ते म्हणाले. "बाकीचे पाहुणे आहेत."

आबांनी कपाळावर हात मारला. फादर दोन पावलं पुढे आले. मग म्हणाले, "एवढी वर्षं तुम्ही हवी तशी इतिवृत्तं लिहिलीत. आजच का अडलात?"

"ते दुधाचं होतं, फादर," साहेब म्हणाले आणि खाली बसले.

फादरनी पुस्तक मिटलं. आता सगळं संपलं असं मला वाटलं, आणि मनापासून वाईट वाटलं. माझ्या यादीपायी म्हाताऱ्याचं उरलंसुरलंही जात होतं. तेवढ्यात खिडकीपासून आबांचा आवाज आला.

"फादर, एक मुद्दा हाय. कोरम झाला न्हाई ना? मग सभा तहकूब करा."

"तहकूब?"

"तहकूब! आन् अर्ध्या तासानं त्याच जागी परत भरवा. तहकूब सभेला कोरम लागत न्हाई. एक मानूस असला तरी चालतंय. आमच्या उपविधीत हाय!"

बाकांवरची तीसही डोकी एकदम हलली. उभी हयात सहकारी सभांना बसलेली माणसं ती. वेदातलं वचन ऐकावं तशी त्यांनी मान डोलावली. "आगदी बराबर," न जन्मलेला म्हातारा म्हणाला. "आमच्या सोसायटीत धा वर्सं तसंच चालतंय."

फादर वसईचे. असलं काही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी आबांकडे पाहिलं, सातव्या बाकाकडे पाहिलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "किती मिनिटं म्हणालात?"

सगळे बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. चहा आला, दुधाच्या वासाचा. बरोबर अर्ध्या तासाने फादर आत गेले. या वेळी कुणी बाकावर बसलं नाही. माणसं भिंतींना टेकून, दारात, उन्हात उभी राहिली. टोप्या काढून हातात घेतल्या. सहा बाक रिकामे, सातव्या बाकावर साहेब.

मिस्सा सुरू करताना फादर म्हणाले, "आजच्या मिस्सेचा हेतू." मग पुस्तकात न बघताच पुढे म्हणाले, "दर महिन्याप्रमाणे. मार्था सायमन खंडागळे, हिच्या आत्म्याला शांती मिळावी."

मी दारात उभा होतो. मला आधी पान चाळीस आठवलं, आणि 'सदर पात्र कथेला पुढे नेत नाही' हा माझ्या सुवाच्य अक्षरातला खुलासा आठवला. मला लाज वाटली. इतकी की पुढचं काही नीट ऐकूच आलं नाही.

फादर वर काय कळवतात कोण जाणे, पण मिस्सा बंद झाली नाही. पहिल्या शनिवारी ते अजून येतात. साडेदहाला मोजणी करतात, कोरमअभावी तहकुबी जाहीर करतात, लिंबाखाली बसून अर्धा तास चहा पितात आणि अकराला मिस्सा म्हणतात. छावणीतली चार माणसंही सवयीने येऊन भिंतीला टेकतात. त्यातला एक जण एकदा फादर देतात ती पवित्र चकती प्रसाद समजून घ्यायला साहेबांच्या मागे उभा राहिला, तर साहेबांनी त्याला हळूच बाजूला घेतलं आणि सांगितलं, "हा विषय सभासदांपुरता आहे." फादरही आता सहकारात चांगले रुळलेत.

त्या पहिल्या तहकूब मिस्सेनंतरच्या सोमवारची गोष्ट राहिली. दुपारी दीड वाजता साहेबांनी डबा उघडला. दीड भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी फडक्यात गुंडाळली आणि डब्याचं झाकण लावलं. मी समोर दहावी कादंबरी उतरवत बसलो होतो. माझ्या तोंडून आमच्या गावचे शब्द आपोआप निघाले.

"साहेब, भाकर कावून उरली?"

ते थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. चष्मा आधी स्वच्छच होता.

"मीठ कमी पडलं," घरी रोज उत्तर द्यावं तसं ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या पेनाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे इतिवृत्तात घेऊ नका."

आणि त्यांनी डबा पुन्हा उघडला.